मरम्बिजीकांठचें गंडागाय

सिडनीहून मेलबर्नकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सिडनीपासून सुमारें ३९० किलोमीटरांवर, गंडागाय नांवाचें एक लहानसें गांव आहे. नांव ऐकून आपल्याला गाय आठवते खरी. परंतु तें तेथील मूळ रहिवासी विराड्जुरी यांच्या भाषेंतून आलेलें आहे. सभोंवार गवताळ टेकड्या, त्यांवर मेंढरांचे कळप, आणि मधून वळणें घेत जाणारी मरम्बिजी नदी.

कॅप्टन स्टर्ट १८२९ सालीं या भागांतून गेला. पुढें बैलगाड्या जेथें नदी ओलांडीत तेथेंच वस्ती झाली व १८३८ सालीं तिला गांव म्हणून सरकारी मान्यता मिळाली. जागा सपाट, सुपीक, पाण्याजवळची. पण तीच नदीची पूरभूमि! विराड्जुरी लोकांनीं गोऱ्या वसाहतवाल्यांना तसें बजावलें होतें. पुढें पुरांनीं प्रत्यक्ष प्रचीति दिली, तरी लोक हलले नाहींत.

जून म्हणजे तिकडील ऐन हिवाळा. १८५२ सालच्या २४ जूनच्या रात्रीं नदी गांवांत शिरली. माणसें आधीं माळ्यावर, मग छपरांवर चढलीं. घरेंच वाहूं लागलीं तेव्हां मिळेल त्या झाडाला बिलगलीं. वस्ती अवघी अडीचशेंच्या आसपास. त्यांतील ८० ते १०० जीव गेले असा अंदाज आहे.

त्या अंधारांत यारी नांवाचा विराड्जुरी पुरुष झाडाच्या सालीची होडी घेऊन निघाला. ही होडी म्हणजे सोलून काढलेल्या सालीचा एक वांकविलेला पत्राच. तींत एका वेळीं एखाददुसऱ्यासच घेतां येई. झाडांतून, ओंडक्यांतून वाट काढीत तो पुनः पुनः गेला. त्याचा सोबती जॅकी जॅकी यानेंही तसेंच केलें. दोघांनीं मिळून ६९ माणसें वांचविलीं असें सांगतात. ज्यांची जमीन गेली, त्यांनींच ती घेणाऱ्यांचे प्राण राखले, हें वाचतांना आम्ही क्षणभर थबकलों.

पुढच्याच वर्षीं पुनः पूर आला. मग मात्र गांव टेकडीच्या उतारावर गेलें. जुन्या जागेवरून १८६७ सालीं लोखंडी पूल व त्याला जोडणारा लांबच लांब लांकडी मार्ग झाला. त्यांतील लांकडी भाग जीर्ण होऊन अलीकडेच पाडण्यांत आला.

या गांवाची ख्याति मात्र आहे ती एका कुत्र्यामुळें! धन्याच्या शिदोरीच्या पेटीवर बसलेल्या या लोककथेंतील कुत्र्याचा पुतळा गांवापासून आठ किलोमीटरांवर आहे. १९३२ सालीं पंतप्रधान लायन्स यांनीं त्याचें अनावरण केलें. प्रवासी तेथें हटकून थांबतात. यारी १८८० सालीं वारला. त्याचा व जॅकी जॅकीचा ब्राँझचा पुतळा गांवाच्या मुख्य रस्त्यावर, शेरिडन स्ट्रीटवर, उभा राहिला तो २०१७ च्या जूनमध्यें. म्हणजे कुत्र्यानंतर पंचाऐशीं वर्षांनीं. त्यांत सालीची ती होडीही आहे.