साखरेवाचून मधाच्या गोळ्या

मुलांच्या खाऊत गोळीचे स्थान मोठे आहे. गावच्या दुकानातील काचेच्या बरणीत दिसणारी रंगीत गोळी बहुधा साखर, ग्लुकोजचा पाक, रंग व सुवास यांची बनलेली असते. तशीच कडक गोळी दाणेदार साखरेचा एकही कण न वापरता, केवळ मधापासून घरच्या चुलीवर करता येते. कृती अर्ध्या-पाऊण तासाची आहे आणि साहित्य अगदी थोडे लागते. तथापि ती मुलांना दाखविण्यापूर्वी शिक्षकाला तीन गोष्टी नीट ठाऊक असाव्यात. पातळ मध कडक का होतो, तो आटविताना कोणता धोका असतो, आणि तयार गोळी कोणाच्या हाती द्यावी व कोणाच्या देऊ नये, या त्या तीन गोष्टी होत. त्यांतील तिसरी सर्वांत महत्त्वाची. शाळेत ऐकलेली गोष्ट मूल घरी जाऊन सांगते, आणि घरी पुष्कळदा पाळण्यात लहान भावंड असते.

मध कसा बनतो

फुलातील मकरंद हा पाण्यासारखा पातळ असतो. त्यात बरीचशी इक्षुशर्करा, म्हणजे उसात असते तीच साखर, विरघळलेली असते. मधमाशी हा मकरंद आपल्या मधुकोशात भरून पोळ्याकडे आणते. वाटेत व पोळ्यात तिच्या शरीरातील पाचक रस त्यात मिसळतो आणि इक्षुशर्करेचे विभाजन होऊन द्राक्षशर्करा व फलशर्करा तयार होतात. यांनाच अनुक्रमे ग्लुकोज व फ्रुक्टोज म्हणतात. नंतर पोळ्यातील माश्या पंखांनी सतत वारा घालून त्यातील पाणी उडवितात. मध पुरेसा घट्ट झाला, म्हणजे घरावर मेणाचे झाकण बसते.

अशा पक्व मधाच्या १०० भागांत फलशर्करा सुमारे ३८ भाग, द्राक्षशर्करा सुमारे ३१ भाग आणि पाणी साधारणपणे १७ ते २० भाग असते. घरे झाकली जाण्यापूर्वीच काढलेल्या कच्च्या मधात पाणी याहून अधिक असते व तो लवकर आंबतो.

गोळी करणे म्हणजे माशीने पंखांनी आरंभिलेले काम विस्तवावर पुरे करणे होय. राहिलेले पाणी जवळजवळ सर्व उडाले, की शर्करांचे मिश्रण थंड होताच काचेसारखे कडक होते. मिठाई करणारे साखरेच्या पाकात लिंबाचा रस पिळतात, त्याचे इंगितही येथे उलगडते. आम्लामुळे पाकातील काही साखरेचे तसेच विभाजन होते व पाकात पुन्हा दाणा धरत नाही. मधाच्या बाबतीत हे काम माशीने आधीच केलेले असल्यामुळे मधाच्या गोळीला लिंबू लागत नाही.

साहित्य

चांगला गाळलेला मध २०० ग्रॅम, साजूक तूप एक लहान चमचा, सुंठीची पूड पाव चमचा आणि मीठ एक चिमूट. गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून भाजक्या डाळ्यांचे बारीक पीठ दोन चमचे घ्यावे. भांडे जाड बुडाचे असावे व ते मधाच्या चौपट मोठे असावे, कारण उकळताना मध फेसाळून वर चढतो. याखेरीज लांब दांड्याचा लाकडी चमचा, तूप लावलेले स्टीलचे ताट, थंड पाण्याची वाटी व बटर पेपरचे तुकडे जवळ ठेवावेत.

मध शक्यतो यंत्राने काढलेला घ्यावा. पोळे पिळून काढलेल्या मधात मेण, परागकण व अळ्यांचा रस उतरतो. असा मध तापविताना फेस फार येतो व तो लवकर करपतो.

कृती

भांड्यात मध घालून ते मंद आचेवर ठेवावे. मध पातळ होऊन उकळू लागला, की चमचा तळाशी फिरवीत सतत ढवळावे. घाई करून आच वाढवू नये. फलशर्करा साध्या साखरेपेक्षा कमी उष्णतेत तांबूस होऊ लागते. म्हणून मध आटण्याआधीच करपण्याचा संभव असतो. फेस काठापर्यंत आला, तर भांडे क्षणभर खाली उतरवावे.

दहा-बारा मिनिटांनी पाकाची परीक्षा सुरू करावी. ही परीक्षा गावातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. पाकाचा एक थेंब थंड पाण्यात टाकावा. बोटांनी दाबता येईल अशी मऊ गोळी झाली, तर पाकाचे उष्णतामान ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे असे समजावे. गोळी घट्ट झाली, पण दाबली असता थोडी दबते, तर ते १२५ अंशांच्या सुमारास असते. थेंब पाण्यात पडताच कडक होऊन ‘टच्’ असा आवाज करीत मोडला, तर उष्णतामान १४५ ते १५० अंशांवर पोचले असून गोळीचा पाक झाला असे जाणावे. परीक्षेच्या वेळी भांडे खाली उतरवून ठेवावे. नाहीतर थेंब पाहीपर्यंत पाक पुढे जातो.

ताप मोजण्याचा तापमापक येथे मुळीच वापरू नये. त्याची मजल ४२ अंशांच्या आसपास संपते व तो फुटतो. थंड पाण्याची परीक्षा अधिक सोयीची व सर्वत्र सारखीच खरी आहे. महाबळेश्वरासारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी पाणीच ९५-९६ अंशांना उकळते, त्यामुळे तेथे पाकाचे आकडेही चार-पाच अंशांनी खाली येतात. पाण्यात टाकलेला थेंब मात्र तेथेही तीच साक्ष देतो.

पाक झाल्यावर भांडे खाली घेऊन त्यात तूप, सुंठ व मीठ घालावे, चटकन ढवळावे आणि मिश्रण ताटात ओतावे. कडा घट्ट होऊ लागल्या, की तूप लावलेल्या सुरीने त्या मध्याकडे वळवाव्यात. मिश्रण हाताला सोसेल इतके निवाले, म्हणजे त्याच्या दोऱ्या वळून सुपारीएवढे तुकडे कापावेत, तळहातावर गोल करावेत व डाळ्यांच्या पिठात घोळवावेत. थंड होताच प्रत्येक गोळी कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

मधाला हवेतील ओल ओढून घेण्याची खोड आहे. उघडी राहिलेली गोळी काही वेळातच चिकट होते. पावसाळ्यात व कोकणच्या दमट हवेत तर ती टिकत नाही. यास्तव हा उद्योग पौष-माघातील कोरड्या थंडीत करावा. दमट भागातील शाळांनी तिळाची वडी करणे श्रेयस्कर. १५० ग्रॅम मध घट्ट गोळीच्या पाकापर्यंत आटवावा, त्यात तडतडेपर्यंत भाजलेले १५० ग्रॅम तीळ मिसळावेत, ताटात थापून गरम असतानाच वड्या पाडाव्यात. तिळामुळे वडीला आधार मिळतो, पोषण वाढते व चिकटपणाही कमी जाणवतो.

विस्तवाची खबरदारी

उकळते पाणी १०० अंशांचे असते. हा पाक त्याहून पन्नास अंशांनी अधिक तापलेला असतो आणि तो कातडीला चिकटून राहतो. म्हणून विस्तवाजवळचे सर्व काम शिक्षकाने वा मोठ्या माणसाने स्वतः करावे. मुलांनी दूर बसून पाहावे व नोंदी घ्याव्यात. वळण्याचे काम वरच्या वर्गांतील मुलांना मिश्रण पुरेसे निवाल्यावरच द्यावे. कोणास भाजलेच, तर तो भाग ताबडतोब थंड वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा व दवाखान्यात न्यावे. शाई, टूथपेस्ट, तूप किंवा हळद लावू नये.

मध साखरेहून निराळा किती?

‘साखर नाही, म्हणून हवी तितकी खा’ असे मुलांना सांगितले, तर ते सत्यास धरून होणार नाही. मध हाही मुख्यतः शर्कराच आहे. १०० ग्रॅम साखरेपासून सुमारे ३९० कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच मधापासून सुमारे ३००. हा फरक मधातील पाण्यामुळे पडतो. पाणी आटविलेली मधाची गोळी त्यामुळे जवळजवळ साखरेच्या गोळीइतकीच ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची मर्यादा सांगताना मधातील शर्कराही त्याच हिशेबात धरली आहे. दातांनाही दोहोंत भेद कळत नाही. दिवसाकाठी एक-दोन गोळ्या व नंतर चूळ, एवढाच नियम असावा.

दुसरा प्रश्न गावातील वडीलधारी मंडळी विचारतील. मध तापवू नये असे आयुर्वेद सांगतो, मग आटविणे कसे चालेल? तापविल्याने मधातील पाचक द्रव्ये नष्ट होतात, सुवासाचा बराच भाग उडून जातो आणि काही नवी द्रव्ये तयार होतात, हे रसायनशास्त्रासही मान्य आहे. असे बदल भाजलेल्या पावात व कॉफीतही घडतात, आणि खाऊ म्हणून अधूनमधून खाल्लेल्या अशा गोळीने अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. तथापि आटविलेल्या मधाची गोळी हा खाऊ आहे, औषध नव्हे, एवढे स्पष्ट सांगावे; आणि ज्या घरी हा निर्बंध पाळला जातो, तेथील मुलास आग्रह करू नये.

मधाच्या शुद्धतेविषयीही गैरसमज पुष्कळ आहेत. थंडीत मध थिजून दाणेदार झाला, की त्यात साखर मिसळली असे लोक मानतात. वास्तविक द्राक्षशर्करेचे स्फटिक होणे हा मधाचा स्वभावच आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली, की तो पुन्हा पातळ होतो. पाण्यात थेंब टाकून वा काडी पेटवून भेसळ निश्चित ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच लागते.

पाळण्यातील बाळाला मध नको

आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटविण्याची व गुटी मधात उगाळून देण्याची रीत अनेक घरांत आहे. ती प्रेमापोटी चालत आली आहे. परंतु तिच्यात मोठा धोका दडलेला आहे. मधात काही वेळा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या व वाढत्या मुलाच्या आतड्यात ते रुजत नाहीत. एक वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करू शकतात. मग बाळाला शौचास होत नाही, त्याचे ओढणे मंदावते, रडणे क्षीण होते, पापण्या जड होतात आणि अंग लुळे पडते. पुढे श्वासही अडखळू शकतो. अशी चिन्हे दिसताच, वेळ न दवडता, बाळाला रुग्णालयात न्यावे.

हा आजार विरळा आहे. तरीही त्याचा संभव असणारा मध कोणता, हे रंगावरून, वासावरून वा चवीवरून कळत नाही. मध घरचा असो, रानचा असो वा बाजारचा. शुद्ध असला, तरी धोका तोच. घरच्या साध्या उकळण्याने हे बीजाणू मरतील असा भरवसा धरता येत नाही. म्हणून एक वर्ष पुरे होईपर्यंत बाळाला मध, मधाची गोळी किंवा तिचा चाटा, काहीही देऊ नये. कडक गोळी पाच वर्षांखालील मुलांनाही देऊ नये. ती घशात अडकण्याचे भय असते.

हे सांगताना आजीचा किंवा घराच्या रीतीचा उपमर्द होईल असा शब्द वापरू नये. बाळाला आईचे दूध पहिले सहा महिने पुरेसे आहे आणि मध पहिल्या वाढदिवसानंतर द्यावा, असे सांगितले म्हणजे झाले. पालकसभेत अंगणवाडी सेविका किंवा आशा सेविका यांच्या तोंडून ही गोष्ट आली, तर ती अधिक सहज पटते.

वर्गातील उपयोग

या एका कृतीशी अनेक विषयांचा समवाय साधता येतो. आधी मध व नंतर तयार मिश्रण तराजूत तोलावे. २०० ग्रॅमचे १६० ग्रॅम भरले, तर ४० ग्रॅम, म्हणजे शेकडा २०, वजन घटले. यांतील बहुतेक वजन उडालेल्या पाण्याचे असते व थोडे भांड्याला चिकटून राहिलेल्या पाकाचे. चार ग्रॅमची एक गोळी धरली, तर किती गोळ्या होतील व एक गोळी किती पैशांस पडेल, हा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. एक गोळी कागदात व एक उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी दोहोंची तुलना करावी. हवेतील बाष्पाचा पाठ त्यातच होईल.

परिसर अभ्यासात मधमाशीची ओळख करून द्यावी. सातेरी माशी पेटीत पाळता येते. आग्या माशी उंच झाडावर व कड्यावर उघडे पोळे लावते. तिच्या वाटेस मुलांनी कधीही जाऊ नये. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ साली स्थापन झाली, आणि महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली राज्यातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले, ही माहिती मुलांना नकाशासह द्यावी.

गोळ्या वाटून झाल्यावर मुलांनी वहीत दोन ओळी लिहून घ्याव्यात व घरी वाचून दाखवाव्यात: ‘मध हीही साखरच आहे, बेताने खावी. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये.’ गोळीची गोडी थोड्या वेळात संपेल. या दोन ओळी मात्र घरातल्या सर्वांच्या ध्यानी राहावयास हव्यात.