यंत्र कोणाच्या मापाचे?

ठाणे शहराच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेले कोलशेत हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. मासेमारी, भातशेती आणि खाडीतील रेती यांवर येथील जीवन चालत असे. स्वातंत्र्योत्तर काळात कोलशेत रस्त्याच्या बाजूने रंग, रसायने व कीटकनाशके तयार करणारे मोठे कारखाने उभे राहिले. सँडोझ, बायर ही नावे ठाणेकरांच्या बोलण्यात रुळली. त्यांपैकी एक तर 'सँडोझ बाग' या रूपाने पत्त्यातही जाऊन बसले. पुढे हे कारखाने एकामागून एक हलले वा बंद झाले आणि त्याच जमिनींवर तीस-चाळीस मजल्यांचे निवासी मनोरे चढू लागले. खाडी, कारखाना आणि परांची अशी कामाची तीन निरनिराळी ठिकाणे या एका गावाने दोन-तीन पिढ्यांच्या अवधीत पाहिली.

कामाचे ठिकाण बदलले, तरी धोका गेला नाही. त्याने केवळ रूप पालटले. कोलशेतला लागून असलेल्या बाळकुम येथे १० सप्टेंबर २०२३ रोजी एका उंच इमारतीत कामगारांना खाली आणणारी लिफ्ट कोसळून ७ कामगार मृत्युमुखी पडले. त्या एका घटनेची कारणमीमांसा हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु अपघातानंतर, विशेषतः लहान अपघातानंतर, पंचनाम्यात जो शब्द सर्वांत सहजपणे लिहिला जातो त्याचा विचार मात्र करावयास हवा. तो शब्द म्हणजे 'निष्काळजीपणा'. बोट तुटले, कारण हात पुढे गेला. पाय घसरला, कारण लक्ष नव्हते. हे खोटे असते असे नाही. तथापि आठ-दहा तास उभे राहून काम करणाऱ्या माणसाचे लक्ष केव्हातरी ढळणारच, ही गोष्ट यंत्र बनविणाऱ्यास आधीच ठाऊक असते. जे आधी ठाऊक आहे त्याची तजवीज यंत्रातच का केली गेली नाही, हा प्रश्न पंचनाम्यात क्वचितच येतो.

कुंपणापासून आराखड्यापर्यंत

आपल्या देशात या प्रश्नाकडे कायद्याने टप्प्याटप्प्याने पाहिले. मुंबईतील गिरण्यांची स्थिती तपासण्यासाठी १८७५ मध्ये आयोग नेमला गेला आणि १८८१ मध्ये पहिला कारखाने कायदा झाला. धोकादायक यंत्राभोवती कुंपण असावे, ही कल्पना त्यात आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम २१ मध्ये यंत्राच्या फिरत्या भागांना भक्कम आवरण घालणे बंधनकारक केले. ही जबाबदारी मुख्यतः कारखानदाराची होती. भोपाळच्या १९८४ मधील वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कायदा एक पाऊल मागे, म्हणजे यंत्र जेथे जन्मते तेथवर गेला. यंत्राचा आराखडा करणारा, ते बनविणारा, आयात करणारा आणि पुरविणारा यांनीही ते सुरक्षित असल्याची काळजी घेतली पाहिजे, असे कलम ७-ब मध्ये नमूद झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० मध्ये हेच कर्तव्य कायम असून वास्तुविशारद व प्रकल्प अभियंते यांच्या कर्तव्यांसाठीही तिच्यात स्वतंत्र कलम आहे.

यामागील विचार साधा आहे. धोका टाळण्याच्या उपायांना एक उतरंड असते. धोका मुळातच काढून टाकणे हा सर्वांत वरचा उपाय. ते जमत नसेल तर धोकादायक वस्तूऐवजी कमी धोक्याची वस्तू वापरावी; तेही शक्य नसेल तर यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये आड घालावी. त्याखाली नियम, पाळ्या, प्रशिक्षण व सूचनाफलक येतात. हेल्मेट, हातमोजे, पट्टा हे सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात ही उतरंड बहुधा उलटी वापरली जाते. आधी हेल्मेटांचे वाटप होते, मग फलक लागतो आणि यंत्र जसेच्या तसे राहते. फलक रंगविण्यास खर्च थोडा येतो, हे त्याचे एक कारण असावे.

ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या वसाहतींतील लहान कार्यशाळांत चालणाऱ्या पॉवर प्रेसचे उदाहरण घेता येईल. पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवावयाचा, पायाने कळ दाबावयाची, वरून ठोका पडतो, तुकडा काढावयाचा. दिवसभरात ही क्रिया शेकडो वेळा होते. हात आणि पाय यांचा मेळ एकदा चुकला की बोटे साच्यात सापडतात. 'सावधान' असे शंभर वेळा बजावून हे थांबत नाही. पायाची कळ काढून, दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन बटणे दाबल्याखेरीज ठोका पडणार नाही अशी रचना केली, तर ठोक्याच्या क्षणी कामगाराचे हात बटणांवरच असतात. यंत्राने सावधगिरी स्वतःकडे घेतली, असे म्हणता येईल.

पण येथेच एक पेच उद्भवतो आणि तो या विषयाच्या गाभ्याशी नेतो. ज्याचा एक हात अधू आहे, त्या कामगाराला दोन बटणांच्या प्रेसने बाहेर काढले. कदाचित तो हात अशाच प्रेसवर गेलेला असतो. साच्यासमोर प्रकाशकिरणांचा पडदा बसविला आणि किरण अडताच प्रेस जागच्या जागी थांबेल अशी व्यवस्था केली, तर एका हाताचा कामगारही ते चालवू शकतो. शिवाय दोन बटणे केवळ ती दाबणाऱ्याचेच हात वाचवितात. पडदा जवळ उभ्या असलेल्या मदतनिसाचा हातही वाचवितो. अर्थात हा पडदा महाग असतो, आणि ठोका मध्येच थांबू शकेल अशा प्रेसवरच तो उपयोगी पडतो. जुन्या, चावीच्या क्लचच्या प्रेसवर तो निरुपयोगी ठरतो. परंतु सर्वांना सामावून घेणारी रचना आणि सुरक्षित रचना या पुष्कळदा एकच असतात, हे यावरून ध्यानात यावे.

पन्नास किलोची पिशवी

आता कोलशेतच्या परांचीकडे वळू. बांधकामावर येणाऱ्या मजुरांत स्त्रियांची संख्या लक्षणीय असते. घमेले वाहणे, विटा पोचविणे, माल कालविणे ही कामे त्यांच्याकडे असतात. बांधकाम कामगारांसाठी १९९८ मध्ये केलेल्या केंद्रीय नियमांत प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलावयाच्या वजनाची मर्यादा ५५ किलो आणि प्रौढ स्त्रीसाठी ३० किलो अशी घातली गेली. पुरुषांसाठीचा हाच ५५ किलोचा आकडा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत आढळतो. सिमेंटची प्रचलित पिशवी ५० किलोची. म्हणजे पिशवी भरणाऱ्याने पुरुषाची मर्यादा जेमतेम सांभाळली. स्त्री ती पिशवी कधी उचलील, हे त्याच्या हिशेबातच नव्हते. परिणामी एक तर तिने नियम मोडून ती उचलावी, किंवा त्या कामापासून आणि त्याच्या मजुरीपासून दूर राहावे. ब्रिटनसह अनेक देशांत सिमेंट २५ किलोच्या पिशवीत येते. लहान पिशव्या भरण्यास आपल्याकडेही मनाई नाही. पिशवी निम्मी झाली तर पुरुष मजुराचीही पाठ वाचेल, ही गोष्ट वेगळी सांगावयास नको.

मापाचा हाच प्रश्न सुरक्षा पट्ट्याबाबत येतो. परदेशी पुरुषाच्या बांध्यावर बेतलेला पट्टा साडीवर घातलेल्या सदऱ्यावरून आवळणाऱ्या स्त्रीला नीट बसत नाही, आणि नीट न बसलेला पट्टा पडताना उपयोगी पडेलच असे नाही. भारतीय शरीराची मापे उपलब्ध नाहीत, ही सबबही आता चालण्याजोगी नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापनावरील ग्रंथ १९९७ मध्येच प्रसिद्ध केला आहे. कोलशेतहून येऊरचे डोंगर ओलांडले की पवई लागते, तेथे आय.आय.टी.मध्ये १९६९ पासून औद्योगिक डिझाइनचे शिक्षण दिले जाते. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थाही फार दूर नाही. ज्ञान जवळ आहे. ते परांचीपर्यंत पोचण्यास मात्र वेळ लागतो.

गावाकडची यंत्रे

परांचीवरील मजुरांपैकी बरेचजण कामाचा हंगाम संपला की गावी परततात. तेथे त्यांची गाठ वेगळ्या यंत्रांशी पडते. कडबा कुट्टी आणि मळणी यंत्र ही त्यांतील प्रमुख. गावात कारखाना निरीक्षक येत नाही, पाळीचा मुकादम नसतो, आणि यंत्राच्या आसपास घरातील सर्वच माणसे वावरत असतात. म्हणूनच येथे आराखड्याचे महत्त्व अधिक आहे.

मळणी यंत्रात पेंढी आत ढकलताना हात ओढला जाण्याचे प्रकार उत्तर भारतात इतके वाढले की, संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम संमत केला. या यंत्रावरील उपाय म्हणजे मुख्यतः एक पन्हळ आहे. पेंढी घालण्याची पन्हळ पुरेशी लांब ठेवली, तिचा यंत्राकडील भाग वरून झाकला आणि तिला किंचित चढ दिला की, माणसाचा हात फिरत्या दात्यांपर्यंत पोचतच नाही. ज्याचा डोळा लागला, ज्याचा पाय घसरला, त्याचाही पोचत नाही. पन्हळीला लागणारा पत्रा तो किती! तरीही आखूड पन्हळीची यंत्रे बनत राहिली, कारण पेंढी भरभर घालता येते म्हणून गिऱ्हाईकही तीच मागे.

कडबा कुट्टीची कथा अधिक बोलकी आहे. दिल्लीच्या आय.आय.टी.मधील दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील खेड्यांत केलेल्या पाहणीत असे आढळले की, या यंत्राने जायबंदी होणाऱ्यांत मुलांचा भरणा मोठा होता आणि कित्येकदा यंत्रावर काम चालू नसताना, खेळताना इजा झाली होती. विक्रेत्याच्या हिशेबात मूल हे त्या यंत्राचे 'वापरणारे' नव्हतेच. अंगणाच्या हिशेबात मात्र होते. यावर सुचविलेले उपाय खर्चिक नाहीत. काम नसताना मोठे चाक अडकवून ठेवणारी कडी, पात्यावर आवरण, आणि चारा ओढणाऱ्या रुळांच्या अलीकडे एक जादा रूळ, जो हाताला लागताच बोटे पुढे गेल्याचे कळते. गावातला लोहार यांतील कडी व आवरण एका दिवसात बसवून देऊ शकतो.

सर्वांसाठी रचना म्हणजे काय, याचा उत्तम धडा महाराष्ट्राने हातपंपाच्या रूपाने फार पूर्वीच दिलेला आहे. खेड्यांतून आधी बसविलेले बिडाचे पंप परदेशांतील एकेका शेतकरी कुटुंबासाठी बेतलेल्या पंपांच्या नकला होत्या. सारे गाव दिवसभर पाणी भरू लागताच ते मोडत. एकोणीसशे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जालना येथील मिशनच्या लोकांनी पोलादी पंप तयार केला. त्यावरून सोलापूर पंप सिद्ध झाला आणि सत्तरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने त्यातूनच 'इंडिया मार्क दोन' साकारला. पंपावर हात कोणाचे पडणार, याचा विचार आधी झाला आणि मग पोलाद वाकविले गेले.

चुकीला जागा

अमेरिकेतील वास्तुविशारद रोनाल्ड मेस हे लहानपणी झालेल्या पोलिओमुळे चाकाची खुर्ची वापरीत. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये 'सर्वांसाठी डिझाइन'ची सात तत्त्वे मांडण्यात आली. वापर समान असावा, समजण्यास सोपा असावा, श्रम कमी पडावेत, ही तत्त्वे अपेक्षित अशीच आहेत. परंतु त्यांतील एक तत्त्व सुरक्षा अधिकाऱ्याने टेबलावर लिहून ठेवावे असे आहे: माणसाची चूक पोटात घालण्याची ताकद वस्तूत असावी. २०११ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्थेत या विचाराला भारतीय रूप देण्यात आले, ते पाच 'स'कारांत: समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता आणि सुंदर. 'सस्ता' हा शब्द परदेशी यादीत नव्हता. आपल्या कार्यशाळांची स्थिती पाहता तो हवाच होता.

रासायनिक कारखान्यात धोक्याचा भोंगा वाजला तरी बहिऱ्या कामगाराला तो ऐकू येत नाही. भोंग्यासोबत झगझगणारा दिवा असला तर येतो कळून. तो दिवा यंत्रांच्या गोंगाटात कानाला गुंडाळी लावून बसलेल्या इतरांच्याही उपयोगी पडतो. लाल-हिरवा भेद न दिसणारा माणूस दिव्याच्या जागेवरून ओळखतो, म्हणून लाल नेहमी वर आणि हिरवा खाली असावा. पिंपावरील इशारा केवळ इंग्रजीत असला तर तो मराठी वाचणाऱ्याला जसा मुका, तसाच झारखंड वा बंगालहून आलेल्या मजुरालाही. कवटीचे वा ज्वाळेचे चित्र मात्र सर्वांना वाचता येते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंग कर्मचाऱ्यासाठी कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी करणे शासकीय आस्थापनांवर बंधनकारक केले आहे. त्या सोयी करताना खर्चाचा रकाना भरणाऱ्या अधिकाऱ्याने लाभाच्या रकान्यात केवळ एका कर्मचाऱ्याचे नाव लिहू नये.

ग्रामपंचायत जेव्हा बचत गटाला पिठाची चक्की वा शेवयांचे यंत्र देते, अथवा शेतकऱ्यांच्या गटासाठी कडबा कुट्टी घेते, तेव्हा दरपत्रके तीन मागविली जातात आणि सर्वांत कमी दर मान्य होतो. त्याच बैठकीत यंत्र प्रत्यक्ष पाहून काही गोष्टी तपासता येतात. पट्टा व चाके झाकलेली आहेत काय, बंद करण्याचे बटण बसलेल्या बाईच्या हाताशी आहे की मागच्या भिंतीवर, काम नसताना यंत्र अडकवून ठेवता येते काय, सूचना मराठीत आहेत काय, आणि कमी उंचीच्या माणसाला पाटावर उभे राहावे लागते काय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकाने हेच प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती देऊन त्यांना गावातील एखादे यंत्र तपासावयास पाठवावे. मुले परत येतील ती बहुधा नुसत्या उत्तरांसह नव्हे, तर पन्हळीच्या किंवा कडीच्या एखाद्या आकृतीसह.