आवक एका दारातून, जावक दुसऱ्यातून

प्रोग्राम किती मेमरी खातो, हे ऑपरेटिंग सिस्टिम लगेच सांगते. पण तो आकडा अख्ख्या प्रोसेसचा. थ्रेड अनेक असले, तर त्यातला खादाड कोण हे कळत नाही. यवतमाळला घरी बसून मी रस्ट भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्राममध्ये एक थ्रेड कापूस-सोयाबीनच्या बाजारभावाच्या फायली वाचतो, दुसरा त्यांची सरासरी काढतो. मेमरी मात्र चढत होती.

रस्टच्या १.२८ आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०१८ पासून, आपला स्वतःचा ग्लोबल अलोकेटर, म्हणजे प्रोग्रामला मेमरी वाटणारा भाग, बसवता येतो. माझा अलोकेटर आलेली मागणी सिस्टिमच्या अलोकेटरकडे धाडतो आणि जाता जाता बाइट मोजतो. सी भाषेतल्या ‘फ्री’ला नुसता पत्ता मिळतो, रस्टच्या ‘डीअलोक’ला पत्त्यासोबत लेआउटही मिळतं, त्यामुळे परत आलेल्या जागेचा आकार आयता हाती येतो.

नोंद थ्रेड-लोकल, म्हणजे प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या, सेलमध्ये ठेवायची. इथे सांभाळावं लागतं. मोजणाऱ्या कोडनेच मेमरी मागितली, तर ती मागणी पुन्हा त्याच्याच दारात येते आणि फेरा संपत नाही. म्हणून सेल कॉन्स्ट, म्हणजे आधीच ठरलेल्या, किमतीने सुरू करायचा आणि अलोकेटरच्या आतून काही छापायचं नाही.

पहिल्या आकड्यांत वाचणाऱ्या थ्रेडची शिल्लक, म्हणजे घेतलेले वजा सोडलेले बाइट, फुगलेली, सरासरीवाल्याची चक्क उणे. पण हिशेब बरोबरच होता. ओळींच्या स्ट्रिंग एका थ्रेडने घेतल्या, चॅनलमधून पुढे गेल्या आणि दुसऱ्याने सोडल्या. बाजार समितीच्या आवारात गाडी एका फाटकातून शिरून दुसऱ्यातून निघाली, तर कुठल्याही एका फाटकाची वही जुळायची नाही. जेमॅलॉक हा अलोकेटरही प्रत्येक थ्रेडसाठी घेतलेले बाइट (आवक) आणि सोडलेले बाइट (जावक) वेगवेगळे मोजतो, तसंच मीही केलं.

मग दोन्ही थ्रेडच्या शिलकांची बेरीज पाहिली. तीही चढत होती. वाचणारा चपळ, सरासरीवाला संथ. मधल्या स्ट्रिंग चॅनलमध्ये साचत होत्या. मर्यादा नसलेल्या चॅनलच्या जागी मर्यादित रांगेचा ‘सिंक-चॅनल’ घातला. रांग भरली की वाचणारा थांबू लागला आणि बेरीज सपाट झाली. आवक मात्र होती तेवढीच राहिली, कारण ओळीमागे नवी स्ट्रिंग अजूनही बनतेच. खर्च कोण करतो हे थ्रेडच्या आवकेवरून कळतं. गळती किंवा तुंबण आहे का, हे फक्त सगळ्यांच्या बेरजेवरून.