उमेदवार निवडावा कोणी?

अमेरिकेचा अध्यक्ष नोव्हेंबरात निवडला जातो, हे आपण सारेच जाणतो. परंतु मतपत्रिकेवरील दोन प्रमुख नावे ठरतात कशी, याचा विचार क्वचितच करतो. वास्तविक निम्मी निवड तेथेच होऊन गेलेली असते.

१९६८ साली शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. त्यांनी एकाही राज्यातील ‘प्रायमरी’, म्हणजे पक्षाची प्राथमिक निवडणूक, लढविली नव्हती! आत पुढाऱ्यांची खलबते, बाहेर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांवर पोलिसांच्या लाठ्या. हम्फ्री हरले. मग प्रतिनिधींची निवड उघडपणे व्हावी म्हणून सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, आणि राज्याराज्यांत प्रायमरीचा प्रघात पडला. गंमत अशी की, १९७२ ची उमेदवारी खुद्द मॅकगव्हर्न यांनाच मिळाली आणि ५० पैकी ४९ राज्यांत ते पराभूत झाले. पुढे १९८४ पासून पक्षाने नेत्यांना पदसिद्ध प्रतिनिधी म्हणून पुन्हा आत घेतले. २०१८ मध्ये त्यांचे पहिल्या फेरीतील निर्णायक मत काढून घेतले. पुढाऱ्यांकडून मतदारांकडे, मतदारांकडून पुढाऱ्यांकडे असे हे हेलकावे!

आमच्या मते खरा दोष मत मोजण्याच्या रीतीत आहे. २०१६ साली साउथ कॅरोलिनात रिपब्लिकन पक्षाचे सहा उमेदवार उभे होते. डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे ३२ टक्के मते पडली आणि त्या राज्याचे सर्वच्या सर्व ५० प्रतिनिधी मिळाले. दर तिघांपैकी दोघांनी दुसऱ्याच कोणास मत दिले होते. पण ती मते पाच जणांत विखुरली. त्या दोघांची दुसरी पसंती कोण, हे कोणी विचारलेच नाही.

आपल्याकडे राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदार-खासदार पसंतीक्रमाने मत देतात. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला, तरी मत वाया जात नाही. २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग या राज्यांतील डेमोक्रॅटिक पक्षाने ही रीत प्रायमरीत वापरून पाहिली. मात्र त्यांचे निकाल लागले तेव्हा बर्नी सँडर्स माघार घेऊन चुकले होते आणि जो बायडेन यांची उमेदवारी ठरल्यातच जमा होती. जेथे मैदानात सहा-सात जण असतात, अशा आरंभीच्या राज्यांत हा प्रयोग आधी व्हावयास हवा, असे आम्हांस वाटते.