अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे शौच : घरच्यांसाठी माहिती



कंबरेखालचा भाग लुळा पडलेल्या माणसाला शौचाला कसे होते, हे भेटीला आलेले लोक विचारत नाहीत आणि घरचे संकोचाने सांगत नाहीत. दापोडी परिसरात परिचारिका म्हणून घरभेटी देताना मला मात्र बहुतेक घरांत हीच अडचण सर्वांत मोठी दिसते.

दापोडीपासून जवळच, खडकीत, १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांची तेथे शुश्रूषा होते. पण अशी इजा केवळ सैनिकांनाच होते असे नाही. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात हिरडा काढताना झाडावरून पडणारा आदिवासी तरुण आणि चाकणकडे बांधकामाच्या परांचीवरून पडणारा मजूर यांच्यावरही हीच वेळ येऊ शकते. दवाखान्यातून घरी आल्यावर सगळी सेवा आईवर किंवा बायकोवर पडते.

कण्यातील मज्जारज्जू दुखावला की शौचाला लागल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचत नाही. गुदद्वार आवळणे किंवा सैल सोडणेही हातात राहत नाही. मल साचून कडक होतो आणि त्या खड्याच्या कडेने पातळ मल झिरपू लागतो. घरच्यांना वाटते, जुलाब लागले. ते जेवण-पाणी तोडतात, जुलाब थांबवायची गोळी देतात आणि खडा आणखी घट्ट होतो. काही रुग्ण तर बायकोला त्रास नको म्हणून स्वतःच अर्धपोटी राहतात. म्हणून लक्षात ठेवा : बरेच दिवस शौचाला झाले नसेल आणि आता पातळ झिरपत असेल, तर आधी दवाखान्यात दाखवा.

यावर खरा उपाय म्हणजे ठरलेली वेळ. रोज किंवा दिवसाआड, एकाच वेळी.

१. न्याहारी किंवा गरम चहानंतर २० ते ३० मिनिटांनी सुरुवात करावी. खाल्ल्यावर आतडे आपोआप हालचाल करते.

२. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवावे. बसता येत असेल तर भोक असलेल्या खुर्चीवर बसवावे. खाली मऊ गादी हवीच, कारण त्याला टोचलेले कळत नाही.

३. पोट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलके चोळावे.

४. डॉक्टरांनी सांगितली असेल तर गुदद्वारात ठेवायची औषधी कांडी वापरावी आणि १५ ते २० मिनिटे थांबावे. इजा कण्याच्या अगदी खालच्या भागात असेल तर कांडीचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा हातमोजा आणि जेली लावून बोटाने मल काढावा लागतो. हे नर्सकडून शिकल्याशिवाय करू नये.

५. नंतर धुऊन, कोरडे करून माकडहाडाजवळ लाली आहे का ते पाहावे. तारीख, वेळ आणि प्रमाण वहीत लिहावे.

घडी बसायला काही आठवडे लागतात. नाचणीची भाकरी, पालेभाजी, डाळ द्यावी. पाणी किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारावे. हिरड्याचे चूर्णही विचारूनच द्यावे, कारण दिवसभर पातळ होत राहिले तर कातडी सोलवटते.

इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि शौचाच्या वेळी एकदम डोके ठणकून घाम फुटला, तर लगेच थांबा, रुग्णाला बसते करा आणि दवाखाना गाठा. रक्तदाब धोकादायकरीत्या वाढलेला असू शकतो. पोट फुगणे, उलटी किंवा रक्त पडणे यांतही घरी थांबू नये.

आणखी एक. खोली एकच असेल तर मध्ये साडीचा पडदा लावा आणि मुलांना बाहेर पाठवा. प्रत्येक गोष्ट करण्याआधी रुग्णाला सांगा. त्याला स्पर्श कळत नसला तरी लाज कळते.

प्रियांनो, अशा घरी भेटीला जाल तेव्हा फळांसोबत हातमोज्यांचे एक खोके न्या. जमल्यास त्या माउलीची एक सकाळ आपल्यावर घ्या, म्हणजे तिला थोडी झोप मिळेल.