शास्त्रज्ञांचा परस्परपरिचय आणि गव्हाचे पीक

गव्हावर पडणाऱ्या तांबेऱ्याचे बीजाणू नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीत इतके सूक्ष्म असतात व वाऱ्याबरोबर शेकडो मैलांचा प्रवास करतात. निलगिरी व पळणी या दक्षिणेकडील डोंगरांवर टिकून राहणारा काळा तांबेरा अनुकूल वारा व पाऊस मिळताच उत्तरेकडे सरकतो आणि द्वीपकल्पातील गव्हास गाठतो. अशा रोगास जिल्ह्याची अथवा राष्ट्राची सीमा ठाऊक नसते. त्यावरील उपाय शोधणाऱ्यांसही सीमेपलीकडील माणसांशी संबंध ठेवावा लागतो. हा संबंध कसा जडतो, त्यापासून गव्हाच्या पिकास कोणता लाभ झाला आणि तो टिकविण्यासाठी काय करावयास हवे, याचा विचार या लेखात केला आहे.

अभ्यासवृत्ती संपल्यानंतर

परदेशी जाऊन शिकण्यासाठी तरुण शास्त्रज्ञांना अभ्यासवृत्ती देण्याच्या अनेक योजना दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाल्या. भारत व अमेरिका यांच्यातील फुलब्राइट करार १९५० च्या फेब्रुवारीत झाला. जर्मनीतील आलेक्झांडर फोन हुम्बोल्ट प्रतिष्ठानाची पुनःस्थापना १९५३ मध्ये झाली. या योजनांचा प्रथम हेतू उघड होता. शास्त्रज्ञाने नवी विद्या शिकावी आणि ती मायदेशी आणावी, एवढीच अपेक्षा होती.

पुढे अनुभवाने असे दिसून आले की, शिकून आणलेली विद्या काही वर्षांनी जुनी होते, परंतु शिकताना जडलेला परिचय अधिक काळ उपयोगी पडतो. म्हणून हुम्बोल्ट प्रतिष्ठानाने आपल्या छात्रांशी असलेले नाते आयुष्यभराचे मानले. माजी छात्रास पुन्हा जर्मनीत येऊन काही काळ काम करण्याची आणि मायदेशातील प्रयोगशाळेसाठी उपकरणांचे साहाय्य मिळविण्याची सोय त्याने ठेवली. अमेरिकेच्या कृषिखात्याने २००४ मध्ये नॉर्मन बोरलॉग यांच्या नावे कृषिशास्त्रज्ञांसाठी जी अभ्यासवृत्ती सुरू केली, तिच्यात मार्गदर्शक प्राध्यापकाने पुढे छात्राच्या देशी जाऊन त्याचे काम पाहावे, अशी योजना केली होती. ज्या शेतात ही विद्या वापरावयाची, ते शेत गुरूने स्वतः पाहिल्यावाचून त्याचा सल्ला पुरा होत नाही, हे तिच्यामागील तत्त्व होय.

एका पत्रव्यवहाराचे फळ

भारतातील गव्हाचा अलीकडचा इतिहास हे या गोष्टीचे उत्तम उदाहरण आहे. डॉ. मो. सं. स्वामिनाथन हे १९४९ मध्ये युनेस्कोच्या अभ्यासवृत्तीवर हॉलंडमधील वाखेनिंगन येथे गेले. पुढे केंब्रिज येथे डॉक्टरेट संपादन करून व अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात काही काळ काम करून ते १९५४ मध्ये स्वदेशी परतले. त्या वेळी भारतीय गव्हाची मोठी अडचण त्याच्या उंचीची होती. खताची मात्रा वाढविली की ताट उंच वाढे, ओंबी जड होई आणि पीक लोळे. तेव्हा खत घालून उत्पन्न वाढविण्याचा मार्गच बंद होता.

ठेंगण्या गव्हाचे मूळ जपानमध्ये होते. तेथील ‘नोरिन १०’ ही जात १९३५ मध्ये प्रसृत झाली होती. युद्धानंतर १९४६ मध्ये तिचे बी अमेरिकेत गेले आणि वॉशिंग्टन राज्यातील ऑरव्हिल फोगेल यांनी तिच्यापासून संकर तयार केले. स्वामिनाथन यांनी फोगेल यांस पत्र लिहून या बियाण्याची मागणी केली. फोगेल यांनी बी पाठविले, परंतु त्याबरोबर एक मोलाची सूचनाही केली. आपला गहू कडक थंडीच्या प्रदेशाचा असून भारताच्या हवामानास तो मानवणार नाही. मेक्सिकोत बोरलॉग यांनी हाच ठेंगणेपणा वसंत ऋतूतील गव्हात उतरविला आहे, तेव्हा त्यांच्याशी संपर्क साधावा, असा तिचा आशय होता. बोरलॉग १९६३ च्या मार्चमध्ये भारतात आले. त्याच वर्षीच्या रब्बी हंगामात मेक्सिकोहून आलेल्या बियाण्याच्या चाचण्या सुरू झाल्या. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोकडून सुमारे १८,००० टन बियाणे विकत घेतले. १९६४-६५ साली देशातील गव्हाचे उत्पन्न सुमारे १ कोटी २० लाख टन होते. १९६७-६८ साली ते १ कोटी ६५ लाख टनांच्या आसपास पोहोचले.

या यशाचे श्रेय खत, पाणी, हमीभाव आणि शेतकऱ्याचे श्रम या सर्वांस आहे. तथापि योग्य बियाणे योग्य माणसाकडून मागविण्यात जो काळ वाचला, तो परस्परपरिचयामुळे वाचला. आपल्या बियाण्याची मर्यादा स्वतःहून सांगणारा आणि दुसऱ्याचे नाव सुचविणारा शास्त्रज्ञ लाभणे हे थोडे भाग्य नव्हे.

समान मापाचे महत्त्व

१९६० नंतरच्या वर्षांत पश्चिम व दक्षिण आशियातील तरुण कृषिपदवीधर मेक्सिकोत बोरलॉग यांच्या हाताखाली शिकण्यासाठी जाऊ लागले. तेथे त्यांस चिखलात उतरून संकर करणे, हजारो ओळींतून रोपे निवडणे आणि रोगाची नोंद घेणे ही कामे स्वतः करावी लागत. १९६६ मध्ये मक्याच्या व गव्हाच्या सुधारणेसाठी मेक्सिकोत आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन झाल्यावर हे शिक्षण नियमितपणे चालू राहिले.

या शिक्षणाचा एक लाभ सहसा ध्यानात येत नाही. सर्व विद्यार्थी तांबेऱ्याची नोंद एकाच मापाने करावयास शिकले. पानाचा अथवा खोडाचा किती भाग रोगाने व्यापला याचा शेकडा अंक प्रथम लिहावयाचा आणि त्यापुढे झाड रोगास कितपत बळी पडते याचे चिन्ह लिहावयाचे, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे निफाडच्या नोंदवहीतील अंक आणि तुर्कस्तानातील अंक शेजारी ठेवून तुलना करता येते.

या समान मापावरच आंतरराष्ट्रीय चाचण्यांची उभारणी झाली. एका केंद्रातून त्याच त्या वाणांच्या बियाण्याच्या लहान पुड्या अनेक देशांस पाठविल्या जातात. प्रत्येक ठिकाणचा शास्त्रज्ञ त्या ठरलेल्या रीतीने पेरतो आणि उंची, पक्वतेचा काळ, उत्पन्न व रोग यांच्या नोंदी परत पाठवितो. सर्व निष्कर्ष एकत्र करून पुन्हा सर्वांस कळविले जातात. अशा रीतीने एका हंगामात एका वाणाची परीक्षा अनेक प्रकारच्या जमिनींत व हवामानांत होते. एकट्या देशास हे काम करावयाचे झाल्यास कित्येक वर्षे लागतील.

मेक्सिकोतील ‘८१५६’ या एकाच संकरातून निवडलेला गहू भारतात ‘कल्याणसोना’, पाकिस्तानात ‘मेक्सिपाक’ आणि मेक्सिकोत ‘सिएते सेरोस’ या नावांनी प्रसृत झाला. ज्या देशांचे परस्परांशी राजकीय संबंध बिघडलेले होते, त्यांच्या शेतांत एकाच कुळातील गहू उभा होता. तो निवडणारे शास्त्रज्ञ एकाच शिक्षणपरंपरेतील होते.

पुढे १९९८-९९ च्या सुमारास युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक नवा व घातक प्रकार आढळला. जगातील बऱ्याच गव्हांची प्रतिकारशक्ती त्याच्यापुढे टिकत नव्हती. केनियातील न्जोरो येथे अनेक देशांनी आपले वाण पाठवून त्यांची परीक्षा करून घेतली. त्यांत भारतीय वाणही होते. रोग भारतात येण्याची वाट न पाहता आपल्या वाणांची दुर्बलता दुसऱ्या देशाच्या भूमीवर आधीच तपासता आली.

गव्हावरील करपा

अलीकडील उदाहरण गव्हावरील करपा या रोगाचे आहे. भातावरील करपा शेतकऱ्यांस परिचित आहे. त्याच जातीच्या बुरशीचा गव्हावर पडणारा प्रकार १९८५ मध्ये प्रथम ब्राझीलच्या पाराना राज्यात आढळला. तीस वर्षे तो दक्षिण अमेरिकेपुरता मर्यादित होता. १९१६ मधील नव्हे, तर अगदी अलीकडच्या, म्हणजे २०१६ च्या फेब्रुवारीत तो बांगलादेशात प्रकट झाला आणि सुमारे १५,००० हेक्टर गव्हास त्याची बाधा झाली. काही शेतांत ओंब्या भरल्याच नाहीत. पेरणीपासून केलेला सर्व खर्च व श्रम वाया गेले.

रोग कोठून आला हे त्वरित कळणे अत्यावश्यक होते. तो स्थानिक भातावरील बुरशीतून उद्भवला असता तर उपाय एक, आणि परदेशातून आला असता तर दुसरा. गाझीपूर येथील कृषिविद्यापीठाचे प्राध्यापक तोफज्जल इस्लाम यांनी रोगग्रस्त नमुन्यांच्या तपासणीसाठी इंग्लंडमधील नॉर्विच येथील शास्त्रज्ञांचे साहाय्य घेतले. इस्लाम यांचे उच्च शिक्षण जपानमध्ये झाले असून ते हुम्बोल्ट प्रतिष्ठानाचे माजी छात्र आहेत. नॉर्विच येथे बुरशीच्या आनुवंशिक द्रव्याचे वाचन करण्यात आले आणि हाती आलेली माहिती शोधनिबंधाची वाट न पाहता सर्वांसाठी खुली करण्यात आली. ब्राझीलमधील नमुन्यांशी तुलना करता ही बुरशी दक्षिण अमेरिकेतील गव्हावरील कुळाची असल्याचे काही महिन्यांतच सिद्ध झाले.

शत्रूची ओळख पटल्यावर शस्त्र कोठे शोधावयाचे हेही ठरले. बोलिव्हियात हा रोग जुना असल्याने तेथे वाणांची परीक्षा करणे शक्य होते. मेक्सिकोतील केंद्राच्या सहकार्याने निरनिराळ्या देशांचे वाण बोलिव्हियात व बांगलादेशातील जशोर येथे पारखण्यात आले. बांगलादेशाने २०१७ मध्ये ‘बारी गोम ३३’ हा प्रतिकारक्षम वाण प्रसृत केला. भारतातील वाणांचीही या दोन्ही ठिकाणी परीक्षा होऊन सीमेलगतच्या भागासाठी योग्य वाणांची शिफारस करता आली. दरम्यान पश्चिम बंगालमधील नादिया व मुर्शिदाबाद या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस गव्हाची लागवड काही हंगाम बंद ठेवावी लागली. हे बंधन जाचक होते, परंतु रोगास पुढील प्रदेशात वाट न देण्यासाठी ते आवश्यक मानले गेले. प्रतिकारक्षम वाण जितका लवकर हाती येईल, तितका अशा बंधनाचा काळ घटतो. शास्त्रज्ञांच्या परस्परपरिचयाचे मोल शेतकऱ्याच्या दृष्टीने येथे मोजता येते.

संबंध का तुटतात

सर्वच अभ्यासवृत्तींना असे फळ येत नाही. काही छात्र मायदेशी परततच नाहीत. परतलेल्यांपैकी कित्येकांची नेमणूक त्यांच्या विषयाशी संबंध नसलेल्या जागी होते. कोठे प्रयोगशाळा नसते, तर कोठे निधी. माजी छात्रांची यादी कचेरीत पडून राहते आणि वार्षिक स्नेहसंमेलनापलीकडे तिचा उपयोग होत नाही. हातात प्रत्यक्ष काम असल्यावाचून ओळख टिकत नाही. ज्या परिचयास पेरणीच्या व काढणीच्या वेळापत्रकाची जोड मिळाली, तोच वर्षानुवर्षे जिवंत राहिला, असे वरील उदाहरणांवरून दिसून येईल.

परतलेल्या शास्त्रज्ञांसाठी सूचना

१. परदेशातून निघण्यापूर्वी तेथील सहकाऱ्यांबरोबर एक लहानसे संयुक्त काम ठरवून घ्यावे. समान चाचणी अथवा समान नोंदवही हे त्याचे सर्वांत सोपे स्वरूप होय.

२. यशाबरोबर अपयशाचीही माहिती कळवावी. एका देशात निकामी ठरलेला वाण दुसऱ्या देशाचा हंगाम वाचवू शकतो.

३. आपल्यानंतर त्याच जागी येणाऱ्या सहकाऱ्याचा परिचय करून द्यावा. संबंध केवळ व्यक्तीपुरता राहिल्यास बदलीबरोबर तो संपतो.

४. बियाण्याची व रोगनमुन्यांची देवाणघेवाण केवळ विहित मार्गाने करावी. संशोधनासाठी परदेशी बियाणे आणावयाचे असल्यास राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोची परवानगी व तेथील संसर्गरोध तपासणी आवश्यक आहे.

शेतकऱ्यांचा वाटा

या साखळीचा पहिला दुवा शेतकऱ्याच्या बांधावर आहे. पाने हिरवी असतानाच ओंबीचा वरील भाग एकाएकी पांढुरका पडल्यास आणि त्यात दाणा न भरल्यास केवळ उष्णतेचा परिणाम म्हणून दुर्लक्ष करू नये. ओंबी बाहेर पडण्याच्या वेळी पाऊस व उबदार हवा असल्यास विशेष लक्ष ठेवावे. रोगट ओंब्या गावोगाव दाखवीत न फिरता जवळच्या कृषी विज्ञान केंद्रास कळवून तज्ज्ञांस शेतावर बोलवावे. परदेशी असलेल्या आप्तांकडून बियाणे मागवू नये अथवा प्रवासी सामानातून आणू नये. एका पुडीबरोबर आलेला रोग संपूर्ण प्रदेशास महाग पडतो.

महाबळेश्वर येथील गहू तांबेरा संशोधन केंद्र व निफाड येथील गहू संशोधन केंद्र या कामी महाराष्ट्रात कार्य करीत आहेत. वेळेवर दिलेली खबर तेथवर पोहोचली, तर तेथून ती जगातील जाणत्या माणसांपर्यंत जाऊ शकते. तसेच दूर देशी लागलेला शोधही त्याच वाटेने परत येऊन आपल्या शेतात उतरतो. ही वाट दोन्ही बाजूंनी वाहती ठेवणे, हे शास्त्रज्ञ, विस्तार अधिकारी व शेतकरी या तिघांचेही कर्तव्य आहे.