पाचवे अक्षर पाहा, मग कोड कळवा

समजा, मंद्रूपचा एक मुलगा दुबईला नोकरीला आहे. एके दिवशी त्याचा फोन येतो, "आप्पा, बँकेचा स्विफ्ट कोड सांगा, पैसे पाठवतो." आप्पा पेटीतून पासबुक काढतात आणि त्यावर छापलेली अकरा अक्षरे वाचून दाखवतात. पण ती असतात आयएफएससीची! मग रक्कम अडकते किंवा परत जाते, मधल्या बँकांचे चार्ज पडतात ते वेगळेच. इकडे बियाणे घ्यायची वेळ टळून जाते.

वाचकहो, हे दोन कोड वेगळे आहेत. आयएफएससी आपल्या देशातल्या व्यवहारासाठी. त्यात पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे नेहमी शून्य आणि पुढची सहा शाखेची. स्विफ्ट कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा. यालाच बीआयसी असेही म्हणतात. त्यात पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची, त्यापुढची दोन ठिकाणाची. आणखी तीन असली तर ती शाखेची.

स्टेट बँकेचेच पाहा. दोन्ही कोडांची सुरुवात 'एसबीआयएन' अशीच होते, म्हणून माणूस फसतो. खूण पाचव्या जागी आहे. तिथे शून्य असेल तर आयएफएससी. पाचव्या-सहाव्या जागी 'आयएन', म्हणजे इंडिया, असेल तर भारतातल्या बँकेचा स्विफ्ट कोड.

स्विफ्ट ही संस्था 1973 साली ब्रुसेल्सला 15 देशांतल्या 239 बँकांनी मिळून काढली. ती पैसे नेत नाही, फक्त निरोप पोचवते. पूर्वीची हुंडी आठवा. एका पेढीने चिठ्ठी लिहायची, दुसऱ्या गावच्या पेढीने पैसे द्यायचे, हिशेब मागाहून. दोन बँकांचा आपसांत व्यवहार नसेल तर तिसरी बँक मध्ये पडते आणि आपला आकार कापून घेते. पाठवले त्यापेक्षा थोडे कमी हाती येतात, त्याचे हे एक कारण.

मग करायचे काय? आधी मुलाला विचारा, पैसे कोणत्या मार्गाने पाठवणार? आखातातल्या एक्स्चेंजच्या दुकानातून पाठवणार असेल तर बहुधा आयएफएससीच मागतात. बँकेतून स्विफ्टने पाठवणार असेल तर आपल्या शाखेत जा. खेड्यातल्या प्रत्येक शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. मोठ्या शाखेचा किंवा मुख्य कचेरीचा द्यावा लागतो. म्हणून साहेबांना सरळ विचारा, "माझ्या खात्यात परदेशातून पैसे यायचे तर कोणता कोड देऊ?" उत्तर कागदावर लिहून घ्या. खातेदाराचे नाव पासबुकात आहे तसेच कळवा. तिकडच्या फॉर्मवर 'आयबॅन' मागितला तर घाबरू नका. भारतात तो नाही. इथला खाते क्रमांकच द्यायचा असतो. द्राक्षे किंवा डाळिंब परदेशी पाठवून थेट पैसे मागवणाऱ्या बागायतदारांनाही हेच लागू.

एक मात्र पदराला गाठ मारून ठेवा. पैसे यायला नाव, खाते क्रमांक आणि कोड लागतो; ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही. "पैसे आलेत, ओटीपी सांगा," असे कोणी म्हणाला तर फोन ठेवून द्या.

पोराने परमुलखात घाम गाळून मिळवलेला पैसा आहे. कोड कळवण्याआधी पाचव्या अक्षरावर बोट ठेवायला कितीसा वेळ लागतो?